उजव्या पायाचा मोजा

माणूस खोटं बोलतो, सांधा बोलत नाही. हे वाक्य मी बावीस वर्षांत इतक्यांदा म्हटलंय, की आमच्या ऑफिसच्या खाली टाइल्सचं दुकान आहे त्याचा मालकसुद्धा मला जिन्यात गाठून तेच ऐकवतो. ऐकवू दे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण बरं करणाऱ्यांतला नाही, तपासणाऱ्यांतला. कामावर पडले-झडलेले लोक रजा मागतात, हलकं काम मागतात. त्यांचं दुखणं खरं की खोटं हे त्यांच्या मालकांना आमचं ऑफिस सांगतं. माझ्या टेबलावर कोनमापक असतो. दोन पट्ट्या मध्ये खिळ्याने जोडलेल्या, कंपासपेटीतल्या चांद्याचा थोरला भाऊच म्हणा. तो सांध्यावर धरला की सांधा किती अंश वाकतो ते कळतं. कामगार मला पाठीमागे काटकोन म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि खोटं कशाला बोलू, आवडतंही.

एकदा एक हमाल आला. डावा पाय उचलतच नाही म्हणाला. त्याला उताणा झोपवला, दोन्ही टाचांखाली माझे दोन तळहात ठेवले आणि म्हटलं, उचला डावा. माणूस खरोखर जोर लावत असेल तर एक पाय उचलताना दुसऱ्या पायाची टाच आपोआप खाली दाबली जाते. शरीराला टेकू लागतो, त्याला इलाज नसतो. ह्याचा चेहरा लालबुंद, दातओठ खाणं चाललेलं, आणि उजवी टाच माझ्या हातावर नुसती ठेवलेली. "उठा," म्हटलं, "उद्यापासून कामावर जा." गडी उठला आणि दोन्ही पायांनी टकाटक जिना उतरून गेला.

अशा गोष्टींनी माणूस बिघडतो. रस्त्यात कुणी लंगडताना दिसला की मी थांबतो आणि कोपऱ्यावरून वळल्यावरही तो लंगडतो का ते बघतो. बायको म्हणते, "अहो, कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं." मी म्हणतो, जगच पिवळं असेल तर माझा काय दोष?

आता जावईबापूंकडे येतो. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. आमचे वडील त्याला जावईबापू म्हणायचे, ते गेल्यावर मीही तेच चालू ठेवलं. फक्त वडिलांच्या तोंडी त्यात कौतुक असायचं. हा रंगारी. उंच इमारतींच्या बाहेरून परांची बांधतात ना, तिच्यावर उभं राहून भिंती रंगवायच्या. कामाला चोख होता, ते मी नाकारत नाही. पण त्याला एक कला होती आणि तिच्यामुळे तो माझ्या मनातून उतरला होता. तो लोकांच्या चाली करून दाखवायचा. घरात चार माणसं जमली की धाकटी म्हणणार, "अहो, दाखवा ना!" की हा उठलाच. बँकेतला कॅशियर कसा चालतो, नवे बूट चावतात ती बाई कशी चालते, त्याचा ठेकेदार पोट सांभाळत डावीउजवीकडे कसा डुलत जातो. लोक हसून हसून भिंतीला टेकायचे. शेवटी माझी चाल. मान ताठ, हात अंगाला चिकटलेले, आणि मध्येच थांबून कुणाच्यातरी पायाकडे डोळे बारीक करून बघणं. माझी बायकोसुद्धा डोळे पुसत हसायची. मी पण हसायचो, दात दाखवण्यापुरता.

एकदा माझ्या मनात आलं, ज्याला दहा जणांच्या चाली येतात त्याला अकरावी लंगडी यायला कितीसा वेळ? त्या वेळी त्याचा पाय ठणठणीत होता. म्हणजे बघा, संशय आधी आला आणि दुखणं मागाहून.

दुखणं आलं ते असं. परांचीच्या खालच्या फळीवरून त्याचा पाय सटकला आणि तो पुरुषभर उंचीवरून उजव्या पायावर आपटला. गुडघा सुजला. पंधरा दिवसांत सूज उतरली, एक्स-रे स्वच्छ आला, तो कामावर गेला. पुढे दोन-तीन महिन्यांनी धाकटीचा फोन.

"दादा, ह्यांचा गुडघा पुन्हा दुखतोय रे. रात्री कूस बदलता येत नाही. मला रोज सकाळी त्यांना उजव्या पायाचा मोजा घालून द्यावा लागतो."

"मोजा तू घालून देतेस?"

"त्यांचा हातच पोचत नाही पावलापर्यंत."

"मग बुटाला पॉलिशही करून देत जा," मी म्हटलं. "आणि पंख्याने वारा घाल. लाडावून ठेवलाय नुसता."

ती मग म्हणाली, "तुला सांगून उपयोग नाही." आणि फोन ठेवला. तिने मला नेमकी एकच गोष्ट सांगितली होती, आणि ती ऐकून मला राग आला होता. बस्स, एवढंच माझ्या लक्षात राहिलं.

आठवड्याभराने त्याचाच अर्ज माझ्या टेबलावर. रंगारी, उजवा गुडघा, परांचीवर चढता येत नाही, जमिनीवरचं काम द्यावं ही विनंती. आमच्याकडे तपासणारे दोघंच, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. मी अर्ज घेऊन आमच्या मोठ्या बाईंकडे गेलो. त्या ऑफिसच्या प्रमुख डॉक्टर, बोलायला मोजक्या.

"हा माझा मेहुणा आहे," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं कोण आहे? त्याला सवलत द्याल अशी भीती वाटते तुम्हाला?"

"मी? सवलत?"

बाई हसल्या. "तेच म्हणते मी. तुमच्या हातून जो सुटतो तो खरंच आजारी असतो. करा तपासणी."

मला गुदगुल्या झाल्या, का नाही होणार? आणि मनात ठरवून टाकलं, की उद्या कुणी म्हणायला नको, काटकोनाने आपल्या माणसापुढे कोन बदलला. नातं आहे म्हणून दुप्पट कडक. आता वाटतं, नातं आहे म्हणून तिप्पट कडक झालो असेन.

जावईबापू आले ते बिनलेसचे नवे बूट घालून. माझी नजर आधी बुटांवरच जाते. खरा लंगडणारा माणूस एका बाजूने तळवा झिजवतो. जुने बूट साक्ष देतात, म्हणून लबाड लोक तपासणीला नवे बूट घालून येतात.

"बूट नवे दिसतात," मी म्हटलं.

"हो दादा. लेस बांधायची कटकट नको म्हणून."

लेस बांधायची कटकट! मी मनातल्या मनात एक फुली मारली.

त्याला खोलीभर चालवला. इकडून तिकडे, तिकडून इकडे. लंगडत होता, पण कसा? उजवा पाय टेकला की अख्खं धड उजवीकडेच झुकायचं, हलत्या होडीत उभं राहिल्यासारखं. मी खुर्चीत मागे रेललो आणि मला अगदी समाधान वाटलं. गुडघा दुखणारा माणूस असा चालतच नाही. तो पाय ताठ धरतो, पाऊल आखूड टाकतो आणि झटकन चांगल्या पायावर जातो. दुखऱ्या पायावर आपणहून कोण कलेल? मी हजारो दुखरे गुडघे चालताना पाहिलेत. म्हटलं, वा रे नटा, सोंग तर आणलंस, पण चुकीचं आणलंस.

"कुठे दुखतं?"

त्याने गुडघ्याच्या आतल्या बाजूला अख्खा तळहात ठेवला आणि वर मांडीपर्यंत फिरवला. "इथेच कुठेतरी. नेमकं सांगता येत नाही." माझा एक नियम होता. खरं दुखणं बोटाने दाखवतात, सोंग तळहाताने. दुसरी फुली.

"बूट-मोजे काढा, पालथे झोपा."

डाव्या पायाने त्याने उजवा बूट ढकलून काढला. मग मोज्याकडे बघत जरा थांबला. "मोजा राहू दे का, दादा?"

काय लपवतोय, असं आलं मनात. पण अर्ज गुडघ्याचा होता, पावलाचा नव्हता. "राहू द्या," मी म्हटलं. पुढे माझ्या मागे लागलेला शब्द हाच.

गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा. दारासारखा उघडतो, मिटतो, बाकी त्याला फारसं काही येत नाही. मी तो सरळ केला, शून्य अंश. टाच मागे नेत वाकवला, एकशे पस्तीस. उताणा करून वाटी हलवली, छान सरकत होती. नडगी पुढे ओढली, मागे ढकलली, आतून-बाहेरून दाब दिला. सूज नाही, पाणी नाही, करकर नाही. इतका सुरेख गुडघा मी वर्षभरात पाहिला नव्हता. मग टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी दीड सेंटिमीटर बारीक निघाली. न वापरलेली मांडी बारीक होते आणि ते काही नाटकाने साधत नाही, हे मला कळत होतं. पण माणसाच्या दोन मांड्या काय जुळ्या बहिणी असतात? मी आकडा समासात पेन्सिलीने लिहिला. पेनने नाही.

"काय वाटतं, दादा?" त्याने बूट पायात सरकवत विचारलं.

"अहवाल येईल."

"मला रजा नको. खाली उभं राहून काम करायला मी तयार आहे. फक्त वर चढवू नका एवढं लिहा. वर फळीवर पाय एकदम सुटल्यासारखा होतो. मला भीती वाटते."

घाबरलेल्या माणसाकडे मी पाहत होतो आणि मला दिसत होता तो भीतीचा उत्तम अभिनय.

तरीही मी अहवाल लगेच लिहिला नाही, हे माझ्या बाजूने. पुरावा हवा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या कामाच्या जागेसमोरच्या बेकरीत जाऊन बसलो. काचेतून इमारत दिसत होती. जेवणाची सुट्टी झाली. रंगारी खाली उतरले, बादल्या पालथ्या घालून बसले. जावईबापू अहवाल येईपर्यंत खालच्या कामावर, भिंतीला टेकून उभा. कुणीतरी काहीतरी म्हणालं, सगळे हसले आणि हा निघाला की चालायला! पोट पुढे, हात मागे, डावीउजवीकडे डुलत. ठेकेदाराची चाल. दहा-बारा पावलं गेला, वळला, परत आला. लंगडणं नाही, कण्हणं नाही. लोक टाळ्या देत होते. मी पावाचा तुकडा तसाच बशीत ठेवला. सापडला! अंगावर काटा येतो ना एखादं गणित सुटल्यावर, तसं झालं.

ऑफिसात आलो आणि लिहिलं: उजवा गुडघा पूर्णपणे निर्दोष. चाल तक्रारीशी विसंगत. नेहमीच्या कामास योग्य. खाली झोकदार सही.

त्या अहवालावर ठेकेदाराने त्याला पुन्हा परांचीवर चढवला. अठरा दिवस.

त्या अठरा दिवसांत धाकटीचा फोन आला नाही. मी केला तर "कामात आहे" म्हणायची. बायकोने एकदा भाजी निवडता निवडता विचारलं, "जावईबापूंना खरंच काही झालं नसेल ना हो?"

"गुडघा माझ्यापेक्षा चांगला आहे त्याचा."

"मग माणूस वाळला का इतका? परवा बाजारात दिसले. चार पायऱ्या चढायला कठड्याला धरून उभे राहिले. मला बघितलंही नाही त्यांनी."

"तुला बघितलं असणार. म्हणूनच उभा राहिला."

बायकोने निवडलेली भाजी आणि देठं पुन्हा एकत्र करून टाकली, रागात. "तुम्ही माझ्याशीही असंच बोलाल उद्या," ती म्हणाली. "मी मरून पडले तरी आधी आरसा धराल नाकाशी."

एकोणिसाव्या दिवशी मोठ्या बाईंनी मला एक कागद दिला. जावईबापूचा फेरतपासणीचा अर्ज. दुसऱ्या तपासनिसाकडून व्हावी, असं स्पष्ट लिहिलेलं. अक्षर धाकटीचं. माझ्या बहिणीने माझ्यावर अविश्वास लेखी कळवला होता. बाई म्हणाल्या, "सोमवारी बाहेरून कुणाला तरी बोलावते." मी मनात म्हटलं, सोमवारच्या आत मी ह्याचं पितळ उघडं पाडतो.

रविवारी सकाळी, न कळवता, त्यांच्या घरी गेलो. तिसरा मजला. दार नुसतं लोटलेलं होतं. सोंग आणणारा माणूस घरात सोंग आणत नाही. तिथे त्याला कोण बघणार? मी दार हळूच ढकललं.

जावईबापू खुर्चीच्या कडेला बसला होता, उजवा पाय पुढे लांब टाकून. धाकटी जमिनीवर गुडघे टेकून त्याला मोजा घालत होती. बोटांवर चढवला, टाचेवरून ओढला, वर घेतला आणि त्याच्या नडगीवर दोनदा थोपटलं. तो खाली तिच्या डोक्याकडे बघत होता.  बघायला आलेलं कुणी नव्हतं. तरी माझा संताप उसळला.

"वा, नवाब!" मी म्हटलं. "बायकोला पायाशी बसवता? स्वतःचा मोजा स्वतः घाला. हात मोडलेत का?"

धाकटी ताडकन उठली. "दादा, तू आत्ताच्या आत्ता बाहेर हो."

"होतो. आधी ह्यांना मोजा घालू दे. घातला तर मी खरा, नाही घातला तर तुम्ही."

"थांब गं," जावईबापू म्हणाला. त्याने डाव्या पायाचा अंगठा लावून मोजा खाली ढकलला, उजवा पाय झटकून तो काढला आणि डाव्या पायाच्या बोटांनी उचलून हातात धरला. "बघा, दादा."

तो वाकला. गुडघा वाकला, उत्तम वाकला. पण मांडी पोटाकडे येईना. ती अर्ध्यावर आली आणि आपणहून बाहेरच्या बाजूला फिरली. पाऊल आत यायला हवं होतं ते सरळ दुसरीकडेच निघालं. त्याने उजवा घोटा डाव्या गुडघ्यावर ठेवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. वरच्या ओठावर घाम आला. बोटांच्या टोकात मोजा लोंबत होता आणि बोटं नि पाऊल ह्यांच्यात वीतभर अंतर होतं. ते अंतर काही केल्या कमी होईना.

मी एकदम पुढे झालो. कारण वाकत नव्हता तो गुडघा नव्हताच.

"आडवे व्हा," मी म्हटलं. 

"पुन्हा तपासणार?" धाकटी म्हणाली. "अजून पोट भरलं नाही तुझं?"

"पाया पडतो तुझ्या. त्यांना आडवं होऊ दे."

तो पलंगावर उताणा झाला. मी गुडघ्याला नीटसा हातही लावला नाही. मांडी उभी धरली आणि नडगी हळूच, अगदी हळूच, बाहेरच्या बाजूला नेली. अशाने खुब्यातला गोळा आतल्या बाजूला फिरतो. खुबा म्हणजे उखळीचा सांधा, उखळीत गोळा. तो सगळीकडे फिरायला हवा, चाळीस अंश तरी. हा पाच अंशांवर अडला. जावईबापू ओरडला आणि त्याने दोन्ही हातांनी गच्च धरलं ते गुडघ्याला.

"कुठे दुखलं?"

"गुडघ्यात! गुडघ्यातच दुखतं म्हणतोय ना मी कधीचा!"

मी फिरवला होता खुबा. दुखला होता गुडघा.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाचं पुस्तक. खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं, कारण दोघांची खबर नेणारा मज्जातंतू एकच. गुडघा चांगला असेल तर खुबा बघा. खुबा दुखणारा माणूस दुखऱ्या बाजूलाच कलून चालतो, कारण धड त्याच्या बरोबर वर आणलं की सांध्यावरचा भार हलका होतो. तो मोजे घालू शकत नाही, लेस बांधू शकत नाही. माझ्या समोर ही सगळी लक्षणं एकेक करून चालत आली, आणि मी प्रत्येकाला फुली मारली. ठेकेदाराची डुलती चालसुद्धा. डुलणाऱ्या माणसाची नक्कल, तेवढ्याच एका चालीत त्याचं लंगडणं झाकलं जात होतं. बिचारा चार माणसांना हसवण्यापुरता नीट चालला, आणि नेमका तेव्हा मी बेकरीत बसलो होतो.

"काय झालंय?" धाकटीने विचारलं. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

"आता पाय टेकवू नका," मी त्याला म्हटलं. "अजिबात. मी गाडी बोलावतो."

हाडांच्या डॉक्टरने त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला. डावा गोळा गरगरीत. उजव्याचा वरचा भाग चेपलेला, पायाखाली आलेल्या पिंगपाँगच्या चेंडूसारखा. पडला तेव्हा गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नसा दुखावल्या होत्या. हाड आतून मरत गेलं आणि भाराखाली बसलं.

"गुडघ्याचाच एक्स-रे काढत बसलात होय सगळे?" डॉक्टर म्हणाला. "दुखणं रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला."

"तीन आठवड्यांपूर्वी भार काढला असता तर?" मी विचारलं.

त्याने एक्स-रे खाली ठेवला. "वाचला असता असं छातीठोक सांगत नाही. कधी कधी वाचतो. पण रोज परांचीवर चढणं-उतरणं त्याला मानवलं नाही, हे दिसतंय. कुणी चढवलं हो ह्यांना?"

 धाकटी माझ्याकडे बघत होती. तिने माझं नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बाहेर बाकावर ती म्हणाली, "मोज्याचं मी तुला सांगितलं होतं, दादा. आणखी काय सांगायला हवं होतं?" 

सोमवारी मी दुसरा अहवाल लिहिला. पहिला अहवाल चुकीचा आहे. तपासणाऱ्याने फक्त गुडघा पाहिला. चाल तक्रारीशी विसंगत नव्हती, तपासणाऱ्याच्या समजुतीशी विसंगत होती. मांडीचा दीड सेंटिमीटर मी पेनने लिहिला, बेकरीत बसून ठेवलेली पाळतही लिहिली, आणि एक प्रत जावईबापूसाठी काढली. मोठ्या बाईंनी वाचून चष्मा काढला. "हे असं लिहिलंत तर तुमचे जुने अहवालही लोक उकरून काढतील."

"काढू देत."

"सगळे बरोबरच असतील ना?"

हा प्रश्न मी बावीस वर्षांत स्वतःला विचारला नव्हता. तो हमाल जिना उतरून गेला, तो आठवला. तो तरी खोटाच होता, त्याची टाच माझ्या हातावर होती. पण बाकीचे? तळहाताने दुखणं दाखवणारे? चुकीचं लंगडणारे? मी खुर्चीत बसलो आणि मला एकेकाचा चेहरा आठवेना, फक्त अंश आठवत होते.

जावईबापूचा खुबा बदलला. धातूचा गोळा बसवला. शस्त्रक्रिया चांगली झाली, चालायलाही लागला, पण परांची कायमची सुटली. आता तो रंगाच्या दुकानात बसून रंग कालवून देतो. नव्या खुब्याला पहिले तीन महिने फार वाकायची मनाई असते, म्हणजे मोज्याची अडचण तशीच. धाकटीची कारखान्यातली पाळी पहाटेची लागली. "मी येतो," म्हटलं. ती नको म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी गेलोच. तिने दार उघडलं आणि पिशवी उचलून कामावर गेली.

तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसआधी मी तिसऱ्या मजल्यावर जातो. जावईबापू खुर्चीच्या कडेला बसतो, पाय लांब करतो. मी खाली बसतो. पहिल्या दिवशी मोजा उलटा चढवला, टाचेची बाजू वर आली. त्याने सांगितलंही नाही. दिवसभर तसाच राहिला असता. मला जिन्यात आठवलं आणि मी परत वर गेलो.

मागच्या महिन्यात माझ्या बायकोचा वाढदिवस झाला. सगळे जमलो होतो. कुणीतरी जुन्या सवयीने म्हणालं, जावईबापू, होऊन जाऊ दे! तो हसला आणि हात हलवून नको म्हणाला. मी आग्रह केला. म्हटलं, माझी चाल करा. ती तर बसल्या जागेवरूनही जमेल. मला खरंच बघायची होती. मान ताठ, डोळे बारीक, कुणाच्यातरी पायाकडे बघणारा तो माणूस.

"नको दादा," तो म्हणाला. "कुणी बघितलं तर म्हणेल, ह्याला सगळं जमतंय."

त्याने ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. बोलताना त्याची नजर खिडकीबाहेर, समोरच्या दुकानाच्या काचेकडे गेली, कुणी बसलंय का ते बघायला. माझ्याकडून तो एवढंच शिकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा गेलो. मोजा बोटांवर चढवला, टाचेवरून ओढला, वर घेतला.